मुक्काम पंडरीला, रायपूर पायी: एकट्या प्रवाशाचा एक दिवस

रायपूरला जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. कुणाला नात्यातल्या लग्नाला जायचं असतं आणि आदला दिवस मोकळा मिळतो. कुणाची मुलाखत किंवा परीक्षा आटोपलेली असते आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असते. कुणी पुरीला जाताना वाटेत उतरायचं ठरवतं. मग विचारणा येते: एकटाच आहे (किंवा एकटीच आहे), गाडी करून हिंडायची हौस नाही, पायी काय बघून होईल? आणि हो, मुक्काम बसस्टँडजवळ पंडरीला घेतोय, ते सोयीचं आहे ना?

घोळ या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू होतो, म्हणून आधी तो निस्तरू.

पंडरीत आता बसस्टँड नाही

रायपूरचा मोठा बसस्टँड वर्षानुवर्षं पंडरीत होता. २०२१ साली तो भाठागावच्या नव्या आंतरराज्य टर्मिनलला हलला. भाठागाव शहराच्या दक्षिणेला, रिंग रोडवर आहे. जुन्या ओळखीच्यांच्या सांगण्यात आणि हॉटेलांच्या जुन्या माहितीत मात्र 'पंडरी बसस्टँड' अजून जिवंत आहे. बसने येणार असाल तर पंडरीला उतरायला मिळेल हे गृहीत धरू नका. भाठागावहून रिक्षा करावी लागेल.

तरीही पायी फिरणाऱ्याने मुक्काम पंडरीलाच करावा असं माझं मत आहे. रेल्वे स्टेशन फार लांब नाही, संग्रहालय चालत गाठता येतं, कापडबाजार पायाशी आहे आणि जिल्हा रुग्णालयही पंडरीतच आहे. एकट्या माणसाला ही शेवटची गोष्ट कमी महत्त्वाची नाही.

आरक्षण करताना आणखी काही नावं नीट वाचा:

- टाटीबंध आणि तेलीबांधा. पहिलं शहराच्या पश्चिम टोकाला, एम्सच्या बाजूला. दुसरं पूर्वेला, तलावाकाठी. नागपूरकडून रस्त्याने येणारी गाडी आधी टाटीबंधला लागते. अर्धवट झोपेत कंडक्टरचा आवाज ऐकून भलतीकडेच उतरणं सहज घडतं.
- रायपूर आणि नवा रायपूर. नवा रायपूर ही वेगळी वसवलेली राजधानी आहे. तिथली स्वस्त, चकचकीत खोली पायी फिरणाऱ्याच्या काही कामाची नाही.
- पंडरी आणि पंडरिया. पंडरिया हे कबीरधाम जिल्ह्यातलं गाव. नकाशात टाइप करताना एका अक्षराने जिल्हा बदलतो.
- स्टेशनच्या दोन बाजू. एक नंबर फलाटाची बाजू शहराकडे उघडते, दुसरी गुढियारीकडे. पंडरीला जायचं तर शहराकडच्या बाजूने बाहेर पडा.

मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने आलात तर रायपूरला पोचेपर्यंत रात्र बरीच झालेली असते. अशा वेळी अनोळखी लॉज शोधत फिरण्यापेक्षा उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसणं शहाणपणाचं. तिकीट कन्फर्म असेल तर पीएनआरवर रिटायरिंग रूम मिळते का तेही आधी पाहून ठेवा. मुक्काम करायचाच नसेल तर सामान क्लोकरूममध्ये टाकता येतं. त्यासाठी प्रवासाचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप असावं लागतं. सॅकला चेनचं कुलूप घरूनच लावून निघा.

खोली घेताना विचारायचे प्रश्न

काउंटरवर पैसे देण्याआधी एवढं विचारा: चेक-आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का? (रोज ₹७५०० पर्यंतच्या खोलीवर तो आता ५ टक्के आहे.) खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत बॅग ठेवून घ्याल का? एकट्या, पायी फिरणाऱ्या माणसाचा दिवस या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

ओळखपत्र द्यावं लागतं, पण ते आधारच असलं पाहिजे असं नाही. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो. आधार द्यायचंच झालं तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत द्या. ती यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

एकट्या स्त्रीला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. 'सिंगल लेडीजला देत नाही' हे त्या लॉजचं स्वतःचं धोरण असतं. त्यावर वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका. फोनवर आधी विचारा, होकार मेसेजमध्ये घ्या आणि तोच काउंटरवर दाखवा. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींची अडचण वेगळी. ओसीआय कार्ड असलं तरी हॉटेलला तुमच्या मुक्कामाचा 'फॉर्म सी' चोवीस तासांत भरावा लागतो. छोटे लॉजवाले ती कटकट नको म्हणून नकार देतात. तेव्हा 'फॉर्म सी भरता का' हे आरक्षणाआधीच विचारून घ्या.

उलटं चाला

बहुतेक जण मुक्कामाहून चालायला सुरुवात करतात. दुपारी बारा वाजता मुक्कामापासून सगळ्यात लांब असतात, पाय बोलायला लागलेले असतात आणि समोर येईल त्या रिक्षावाल्याचा भाव मान्य करतात. रायपुरात याच्या उलट करा. सकाळी सहा-साडेसहाला पंडरीहून ई-रिक्षा किंवा ॲपवरची रिक्षा करून थेट दक्षिणेला दूधाधारी मठाशी उतरा आणि तिथून चालत उत्तरेला या. थकत जाल तशी खोली जवळ येत जाईल. यात आणखी दोन फायदे आहेत. देवळं सकाळी उघडी असतात, दुपारी गाभारे बंद होतात. आणि संग्रहालय उघडायच्या सुमाराला तुम्ही आपोआप त्याच्या दारात पोचता. सगळी वाट रमतगमत सहा-सात किलोमीटरची आहे.

दिवस निवडताना सोमवार आणि सरकारी सुट्ट्या टाळा, कारण संग्रहालय बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मे महिन्यात, त्यातही नवतपाच्या नऊ दिवसांत, पारा ४४-४५ अंशांना टेकतो. तेव्हा दहानंतर चालायचंच नाही, उरलेलं संध्याकाळी. पावसाळ्यात जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत पाणी साचतं, सँडल घाला.

वाट: मठापासून घडी चौकापर्यंत

*दूधाधारी मठ आणि पुरानी बस्ती.* मठाचं नाव दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून पडलं. मराठी माणसाला इथे ओळखीचा धागा सापडतो. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहिला, आणि या मठाला भोसल्यांचा आश्रय होता. आतल्या मंदिरात जुनी भित्तिचित्रं आहेत, ती घाई न करता बघा. फोटो काढण्याआधी विचारा. पुढे पुरानी बस्तीत महामाया मंदिर आणि जैतुसाव मठ लागतात. गल्ल्या अरुंद आहेत आणि नकाशा इथे फारसा उपयोगाचा नाही. 'भैया, महामाया मंदिर किधर?' हा प्रश्न जास्त चालतो. रस्ता विचारायचा तो दुकानात बसलेल्या माणसाला विचारा. तो रोज तिथेच असतो, वाटसरू तुमच्यासारखाच परका असू शकतो.

*बूढा तालाब.* सकाळच्या फिरणाऱ्यांची ही जागा. अधिकृत नाव विवेकानंद सरोवर, पण रिक्षावाल्याला बूढा तालाबच सांगा. मधल्या बेटावर विवेकानंदांचा ३७ फुटी बसलेला पुतळा आहे. त्याचं कारण असं, की १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे विवेकानंद, वडिलांकडे रायपूरला आला. तेव्हा आगगाडी इथवर नव्हती. नागपूरच्या पुढचा जंगलातला प्रवास बैलगाडीने झाला. तो ज्या घरात राहिला ते डे भवन जवळच बूढापाऱ्यात आहे.

याच भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी आयुष्य हिंदी पत्रकारितेला दिलं. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढलं, पुढे टिळकांचं गीतारहस्य आणि समर्थांचा दासबोध हिंदीत नेला. शाळा चालू असते, आत शिरून फोटो काढत बसू नका. पाटी बाहेरूनही वाचता येते.

नाश्ता इथल्या आसपास करा. पोहे-जलेबी सकाळी सगळीकडे मिळते. पोहे आपल्यासारखेच दिसले तरी सोबत चटणी किंवा रस्सा घालण्याची पद्धत आहे. नको असेल तर आधी 'सूखा' म्हणा.

*सदर बाजार, गोल बाजार, मालवीय रोड.* सदर बाजारात सराफी पेढ्या, गोल बाजारात पूजासाहित्यापासून भांड्यांपर्यंत सगळं. नऊच्या आधी गेलात तर शटर उघडताना दिसतील आणि चालायला जागा मिळेल. अकरानंतर दुचाकींमधून वाट काढावी लागते. खिसेकापूंचा विचार करून फोन पुढच्या खिशात आणि सॅक छातीवर घ्या. खरेदी इथे करू नका, ओझं होईल.

*जयस्तंभ चौक.* सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात सावकाराचं कोठार फोडून धान्य भुकेल्या गावकऱ्यांना वाटलं. त्यांना १० डिसेंबर १८५७ रोजी इथे फाशी दिली, असं शहर मानतं. चौक प्रचंड वाहता आहे. तो एका दमात ओलांडू नका, सिग्नलला दोन टप्प्यांत ओलांडा. इथून पूर्वेला शास्त्री चौक. तिथला पादचाऱ्यांसाठीचा स्कायवॉक वर्षानुवर्षं अर्धवट अवस्थेत उभा राहून शहराच्या चेष्टेचा आणि राजकारणाचा विषय झाला. पायी चालणाऱ्यासाठी उभारलेल्या गोष्टीखालून पायी चालणाऱ्याने धावतपळत रस्ता ओलांडावा, यातली गंमत तिथे उभं राहिल्यावरच कळते.

*महंत घासीदास स्मारक संग्रहालय, घडी चौकाजवळ.* एवढा एक तास कुठेही वाचवू नका. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली ते सुरू केलं. आजच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसादांनी केलं. सिरपूरच्या धातुमूर्ती सगळेच बघतात. तुम्ही किरारीचा लाकडी स्तंभ शोधा, नाही दिसला तर पहारेकऱ्याला विचारा. सातवाहन काळातला हा खांब किरारी गावच्या तलावातला गाळ उपसताना १९२१ साली निघाला. शतकानुशतकं चिखलात राहिल्यामुळे लाकूड टिकलं होतं. बाहेर उन्हात येताच ते सुकलं, सोलपटं निघाली आणि त्यांच्याबरोबर ब्राह्मी अक्षरंही गळून पडली. ती जाण्याआधी गावातल्याच एका माणसाने, त्यातलं काही वाचता येत नसताना, अक्षरं जशी दिसली तशी कागदावर उतरवून ठेवली. म्हणून आज आपल्याला कळतं की त्या खांबावर राज्यातल्या अधिकाऱ्यांच्या पदांची यादी होती. पैठणच्या सातवाहनांचं नाव शाळेत घोकलेल्या माणसाला त्या वाळल्या लाकडासमोर थांबावंसं वाटतं.

त्याच आवारात गढकलेवा आहे. बचत गटाच्या बायका इथे छत्तीसगढी पदार्थ करतात. एकट्याने सगळं मागवलं तर वाया जातं, म्हणून एक तिखट आणि एक गोड घ्या: चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) किंवा फरा (तांदळाचे वाफवलेले लांबट वळकटे) आणि सोबत अइरसा, तो आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ आहे. ठेठरी आणि खुरमी कोरड्या असतात, त्या बांधून घ्या, परतीच्या गाडीत उपयोगी पडतील.

इथून पंडरी कचहरी चौकाकडून चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ऊन चढलं असेल तर हट्ट धरू नका, ई-रिक्षा करा आणि खोलीवर जाऊन दोन तास पडा. संध्याकाळसाठी पाय लागणार आहेत.

कुठे पायी जाऊ नये

धमतरीच्या जुन्या छोट्या लाईनच्या जागेवर स्टेशनकडून तेलीबांध्याच्या दिशेने एक्स्प्रेस-वे झाला आहे. तो पंडरीवरूनच जातो आणि नकाशावर सरळ, छोटा दिसतो. तो वाहनांचा रस्ता आहे, त्यावर चालू नका. रिंग रोडचंही तेच. तेलीबांध्याचा तलाव, ज्याला सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात, संध्याकाळी छान असतो. पण तिथे रिक्षाने जा, काठावर चाला आणि रिक्षानेच परत या. नव्या रायपूरचं पुरखौती मुक्तांगण या दिवसात कोंबू नका, त्याला वेगळा दिवस हवा.

पदपथ आहे पण त्यावर दुकान मांडलंय, हे चित्र तुम्हाला जागोजागी दिसेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क असल्याचं म्हटलं आहे. हक्क खरा, पण रस्त्यावर उतरावं लागलंच तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला.

स्वच्छतागृह ही एकट्या प्रवाशाची, विशेषतः बायकांची, खरी अडचण. संग्रहालय हा भरवशाचा थांबा. बाजाराच्या भागात पेट्रोल पंप लक्षात ठेवा. तिथलं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ग्राहक नसलेल्यांनाही मोफत असतं, पेट्रोल भरायची अट नाही.

काही बिनसलं तर

- तातडीसाठी ११२. महिलांसाठी १८१. रेल्वेच्या हद्दीत १३९. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले तर लगेच १९३०.
- चोरी झाली आणि ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असं सांगितलं, तर 'झीरो एफआयआर' हा शब्द वापरा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची नोंद कोणत्याही ठाण्यात होते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय निघू नका.
- फोन गेला तर आधी सिम बंद करा, मग तक्रारीच्या आधारे 'संचार साथी'वर हँडसेट ब्लॉक करा. आयएमईआय क्रमांक आजच डायरीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.
- वाहनाने धडक दिली तर पैशांची वाट बघत बसू नका. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालय. रिक्षावाल्याला 'मेकाहारा' म्हटलं की पुरे.

घरच्या एका माणसाला लॉजचं नाव, खोली क्रमांक आणि दिवसाची वाट मेसेजने कळवून निघा. लोकेशन चालू ठेवलं तर बॅटरी दुपारीच संपते. ठरलेल्या वेळी एक फोन करणं पुरतं.

संध्याकाळ: पंडरीचा कापडबाजार

हा मुळात घाऊक बाजार आहे. गादीवर बसलेला मालक तुम्हाला दुकानदार समजून थानावर थान उलगडायला लागण्याआधी विचारा: 'फुटकर देंगे क्या?' नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या दुकानात जा. दाखवलेला भाव मीटरचा, नगाचा की पूर्ण गठ्ठ्याचा, हे सौदा ठरण्याआधी स्पष्ट करून घ्या. गैरसमज बहुतेक तिथेच होतात.

छत्तीसगढहून न्यावं असं कापड म्हणजे कोसा. तो चांपा भागात विणला जातो. भंडाऱ्याच्या मोहाडी-आंधळगावचं टसर वापरलेल्यांना त्याची ओळख लगेच पटेल. घाऊक दुकानापेक्षा कोशासाठी पंडरीतल्याच छत्तीसगढ हाटच्या आवारात आधी चक्कर मारा. तिथे हातमाग आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरतात, विणकरांशी थेट बोलता येतं. कोसा ओळखताना:

- नैसर्गिक रंग मधासारखा किंवा फिका तपकिरी असतो. धाग्याची जाडी कमी-जास्त असते, हात फिरवला की जाणवते. फार एकसारखं, फार गुळगुळीत कापड असेल तर शंका घ्या.
- सिल्क मार्कचं लेबल मागा आणि त्यावरचा कोड तिथेच फोनने तपासा.
- काठाचे दोन-तीन धागे काढून जाळायला सांगा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. प्लॅस्टिकसारखा कडक गोळा राहिला तर तो कृत्रिम धागा. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही.

बिल घ्याच. 'बिना बिल के कम कर दूँ' हा प्रस्ताव स्वस्त वाटतो, पण घरी जाऊन साडीत दोष निघाला की हातात काही नसतं. 'बेचा हुआ माल वापस नहीं होगा' ही पाटी आवडीनिवडीपुरती ठीक. सदोष माल मात्र बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच मोडतं. आधी १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी पुन्हा रायपूरला यावं लागत नाही. तुम्ही नाशिकला किंवा नागपूरला राहत असाल तर तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते.

रात्रीची गाडी असेल तर खरेदी आटोपून तासभर आधी पंडरी सोडा. अंतर थोडं असलं तरी संध्याकाळी फाफाडीह चौकात वाहनं तुंबतात, आणि हातात कापडाचे गठ्ठे असताना तो शेवटचा टप्पा पायी करण्यात काही अर्थ नाही.